तबकाखालची चारशे बारा पावलं

२९ जून, रविवार. संध्याकाळी ५.

ही वही मी हौसेनं लिहीत नाही. आज चर्च सुटल्यावर एग्या ओटूंच्या अंगणात अकरा माणसांत माझा अपमान झाला. अपमानाची नोंद त्याच दिवशी केली नाही, तर लोक पुढे ती सोयीनं बदलतात. म्हणून वही.

हकीकत अशी. माझी धाकटी बहीण अराबा, तिचा मुलगा एबो. त्याचं लग्न ठरलं. २६ जुलैला, शनिवारी, आम्ही मुलाकडची माणसं मागणीचं सामान घेऊन मुलीच्या घरी जाणार. सामान बायका डोक्यावरून नेतात. सगळ्यांत पुढे जिनच्या तीन बाटल्यांचं तबक, आणि ते मुलाच्या आईच्या डोक्यावर. अराबा तीन वर्षांपूर्वी गेली. आमच्यात आईची थोरली बहीण म्हणजे आईच. म्हणजे मी. यात चर्चेला जागाच नव्हती.

एग्या ओटू हे आमच्या कुळाचे वडील. त्यांनी तसं जाहीर केलं, आणि मामे एसाबा खुर्चीवरून घसरेपर्यंत हसली. ही एबोची आत्या; 'मामे' म्हणजे आमच्यात बाई. मासे धुरावर भाजून विकते. म्हणाली, "मॅडमच्या डोक्यावर? अहो, तिथे चष्म्याखेरीज काही बसलेलं सबंध सॉल्टपाँड गावात कुणी पाहिलंय का?" अकरापैकी दहा हसले. अकरावी मी.

एग्या ओटूंनी डोळे पुसून निकाल दिला. शुक्रवारी, २५ तारखेला, मॅडमनं या अंगणातून तबक नेऊन दाखवावं. जमलं तर उत्तम. न जमलं तर तबक एसाबा नेईल, आणि मुलाची आई म्हणून पुढच्या खुर्चीवर तीच बसेल.

मी तेहेतीस वर्षं मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. बल आणि गती हे माझे हातखंडा धडे. डोक्यावरून वजन नेणं म्हणजे वस्तूचा गुरुत्वमध्य आधाराच्या वर राखणं, दुसरं काहीही नाही. यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून समजलेलं नाही.

निश्चय: रोज पहाटे साडेपाच ते साडेसहा सराव. खरं तर चार दिवस पुरतील. उरलेल्या दिवसांत पद्धत नीट लिहून काढीन. इतरांच्या उपयोगी पडेल.

३० जून, सोमवार. सकाळी ८.१०.

पहाटे उठले नाही. पहिल्या दिवशी सिद्धांत पक्का करायचा असतो, आणि त्याला ताजं डोकं लागतं.

अंतर मोजून आले. मिरवणूक निघेल तो चर्चचा कोपरा ते मुलीच्या घराचं फाटक: माझी चारशे बारा पावलं. रस्ता सपाट. मध्ये गटारावर एक फळी. मुलीची आजी फाटकाशी बसली होती. तिनं विचारलं, काय हरवलंय का? मी म्हटलं, नाही, मोजतेय. तिनं आत वळून कुणाला तरी सांगितलं की मुलाकडची बाई आली आहे आणि आपला रस्ता मोजतेय.

तबक बाटल्यांसह पावणेपाच किलो. एसाबा रोज चाळीस किलो मासे नेते. म्हणजे माझं काम तिच्या कामाच्या एक अष्टमांशाहूनही कमी. हे आज गणितानं सिद्ध झालं.

२ जुलै, बुधवार. सकाळी ७.४०.

प्रयोग पहिला. वजन कमी तर काम सोपं, म्हणून रिकाम्या तबकानं सुरुवात. चुंबळीला जुना टॉवेल गुंडाळला. स्वयंपाकघर ते व्हरांडा.

निरीक्षण: तीन पावलं.

प्रयोग दुसरा: दोन पावलं.

प्रयोग तिसरा: डोक्यावर ठेवतानाच.

अनुमान: जमीन उतरती असावी. सुताराकडून पाणसळ आणून ठेवली. जमीन उतरती नाही. मग तबकच वाकडं आहे. पहाटे नव्हतं, आता आहे.

५ जुलै, शनिवार.

तीन दिवस सराव नाही. एक दिवस डोकं दुखत होतं, एक दिवस डोकं दुखेल असं वाटत होतं, आणि आज पाहुणे आले.

पाहुणा म्हणजे एबो. केप कोस्टला विजेची कामं करतो. माझ्यासाठी केंकी आणली होती, आंबवलेल्या मक्याचा उकडलेला गोळा, केळीच्या पानातला, गरम. मी दार उघडलं तेव्हा डोक्यावरून टॉवेल काढायचा राहिला होता. त्याला वाटलं मी नहाणीतून आले. मग त्याला तबक दिसलं.

म्हणाला, "मोठी आई, एसाबा आत्याला विचार ना. दहा मिनिटांत शिकवेल."

मी त्याला समजावलं की ज्ञान वरून खाली येतं, खालून वर जात नाही. तो म्हणाला, तबकाचंही तसंच दिसतंय.

हा विनोद त्यानं वडिलांकडून घेतला. आमच्याकडे असे विनोद होत नसत.

जाताना म्हणाला, तुला नाहीच जमलं तरी काही बिघडत नाही, तू फक्त ये. मी त्याला सांगितलं की "नाहीच जमलं" हा शब्दप्रयोग प्रयोगशाळेत चालत नाही.

८ जुलै, मंगळवार. सकाळी ७.

घरात वळणं फार. चालत्या वस्तूला सरळच जायचं असतं. मी वळते, तबक वळत नाही. दोष माझा नाही, जडत्वाचा. म्हणून मोकळी जागा हवी.

मंगळवारी समुद्राला सुट्टी. कोळी होड्या पाण्यात घालत नाहीत. म्हणजे समुद्रावर चिटपाखरू नसणार. सहाला किनाऱ्यावर पोचले.

समुद्रावर कुणी नव्हतं. सगळे किनाऱ्यावर होते. मंगळवारी ते जाळी दुरुस्त करत बसतात, हे मला पासष्ट वर्षं ठाऊक आहे. पण ठाऊक असणं आणि वेळेवर आठवणं यांत अंतर असतं.

साठेक पुरुष. माघार घेणं शक्य नव्हतं. मी तबक चढवलं आणि निघाले. ते जाळं ओढताना गातात ते गाणं त्यांनी सुरू केलं, आणि "ओढा रे" च्या जागी माझी पावलं मोजायला लागले. नवव्या पावलाला गाणं थांबलं. एक जण ओरडला, "मॅडम, माझ्या बायकोला तुम्ही वर्गाबाहेर काढलं होतं. आज तुम्हाला कुणी काढलं?"

मी वाळू झटकली आणि म्हटलं, तुझी बायको बडबड करायची. तो म्हणाला, अजून करते. सगळे हसले. विषयांतर झालं ते बरं झालं.

अनुमान: नऊ पावलं. म्हणजे सहा दिवसांत तिप्पट. याच वेगानं चौदा तारखेला सत्तावीस, वीसला एक्याऐंशी, सव्वीसला दोनशे त्रेचाळीस. उरलेली एकशे एकोणसत्तर प्रसंगाच्या उत्साहानं निघतील. चिंतेचं कारण नाही.

१० जुलै, गुरुवार. सात पावलं. वारा.

११ जुलै, शुक्रवार. पाच पावलं. शेजाऱ्यांचा कोंबडा.

१२ जुलै, शनिवार. सराव नाही. विश्रांती हा प्रशिक्षणाचाच भाग आहे, हे खेळाडूही सांगतात.

१४ जुलै, सोमवार. दुपारी ३.

एसाबा आली होती. आली म्हणजे फाटकाशी उभी राहून ओरडली, "मॅडम, या, जरा हात लावा!" डोक्यावर भाजलेल्या माशांचं घमेलं. खाली उतरवायला दुसरा माणूस लागतो. नाही म्हणण्याची पद्धत नाही, म्हणून गेले. घमेल्याची एक कड धरली. चाळीस किलो हा आकडा मी वहीत सहज लिहिला होता. हाताला तो वेगळा लागतो.

पाणी प्यायली. अर्धी केंकी खाल्ली. मग तिला कोपऱ्यातलं तबक दिसलं.

"हे काय, लॉरीखाली आलं होतं?"

मी म्हटलं, प्रयोग चालू आहेत.

"रिकामंच घेऊन चालता?"

मी म्हटलं, अर्थात. सोप्याकडून अवघडाकडे.

"अहो मॅडम, रिकामं भांडं डोक्यावर नाचतं. भरलेलं बसतं. हे आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरीला कळतं." मग विचारते, "आणि चढवतं कोण?"

मी म्हटलं, मीच.

"एकट्या?"

मी म्हटलं, घरात दुसरं कोण आहे?

तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. हसली नाही, हे मला जास्त खटकलं. म्हणाली, "चाळीस वर्षं झाली, मी हे घमेलं एकदाही एकटीनं डोक्यावर घेतलं नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारायची. कोण आहे, कुठला आहे, विचारायचं नाही. नाही म्हणणारा या किनाऱ्यावर अजून जन्मलेला नाही."

मी म्हटलं, मला हाका मारायची सवय नाही.

"ते दिसतंय. आणखी एक सांगू? डोक्यावर काय आहे ते विसरा. तुम्ही सारखा त्याचाच विचार करता. मानेला कळतं ते."

अशास्त्रीय. मानेला काहीही कळत नाही.

घमेलं परत चढवू लागले. माझी बाजू मागे राहिली, तिनं सांभाळून घेतली. मग ती निघाली, दहा पावलांवर पूर्ण मागे वळली, "केंकी चांगली होती!" म्हणाली, पलीकडच्या शिंप्याशी कुठल्याशा ब्लाऊजवरून भांडली आणि गेली. घमेलं जागचं हललं नाही.

अराबा अशीच चालायची. मी बाराव्या वर्षी मिशनच्या वसतिगृहात गेले, ती घरी राहिली. एकीलाच पाठवणं शक्य होतं. दर सत्राला माझी पत्र्याची पेटी लॉरीच्या थांब्यापर्यंत ती डोक्यावर न्यायची. दोन मैल, वाटभर बडबडत. मी शेजारून चालायचे. माझ्या हातात छत्री असायची. छत्री माझ्यावर असायची.

ही नोंद सरावाची नव्हे. लिहिली गेली, म्हणून राहू देते.

१६ जुलै, बुधवार.

तबकात पाण्यानं भरलेल्या तीन बाटल्या ठेवल्या. अकरा पावलं!

हे एसाबानं सांगितलं म्हणून केलेलं नाही. वस्तुमान वाढलं की जडत्व वाढतं आणि किरकोळ धक्क्यांना वस्तू दाद देत नाही, हे मी १९७४ सालापासून शिकवत आले. इथे लावायचं राहिलं होतं, इतकंच.

बाटल्या प्लॅस्टिकच्या होत्या. दूरदृष्टी.

१८ जुलै, शुक्रवार. दुपारी १.

नवा शोध. तबक घसरतं कारण घर्षण कमी पडतं. सायकलच्या ट्यूबचं रबर कापून चुंबळीला खालून-वरून शिवलं. खालचं केसांना धरेल, वरचं तबकाला. हा उपाय इथल्या बायकांना इतक्या पिढ्यांत सुचला नाही, याचं आश्चर्य वाटतं.

त्याच दिवशी, ५.३०.

आता कारण कळलं.

तबक घसरलं नाही. तेविसाव्या पावलाला कुत्रं आडवं आलं, मी थांबले, तबकाला पुढे जायचं होतं. सुटता येईना, म्हणून ते डोकं बरोबर घेऊन गेलं. दवाखान्यातल्या नर्सनं मानेला पट्टा बांधला. दहा दिवस काढायचा नाही. कसं झालं विचारलं. मी म्हटलं, घर्षण जास्त झालं. तिनं कागदावर "घरात पडल्या" असं लिहिलं. मी घरात नव्हते, आणि पडले नव्हते, वाकले होते.

दहा दिवस म्हणजे २८ तारीख. समारंभ २६ ला.

यावर काही लिहीत नाही.

१९ जुलै, शनिवार. सकाळी ९.

लिहिते. मोठी बातमी आहे.

पट्टा असूनही, केवळ पाहावं म्हणून, रबर काढलेली चुंबळ आणि भरलेलं तबक घेऊन चालले. एकशे चाळीस पावलं. एकशे चाळीस! मान हलतच नाही, मग तबक हलेल कसं? सगळा दोष मानेचा होता. पट्ट्यानं मान ही गोष्टच प्रयोगातून वगळली. याला म्हणतात साधनसामग्रीत सुधारणा.

निश्चय: पट्टा लावूनच जायचं. मिरवणुकीच्या कापडाचा तुकडा त्यावर गुंडाळीन. दागिन्यासारखा दिसेल.

२० जुलै, रविवार.

चर्चला गुंडाळून गेले. एबो म्हणाला, "मोठी आई, बगळ्यानं मफलर घातल्यासारखं दिसतंय."

दोनशे दहा पावलं. बगळा पडत नाही, हे त्याच्या लक्षात आलेलं नाही.

२३ जुलै, बुधवार. तीनशे पाच. पद्धतीचं पहिलं प्रकरण लिहायला घेतलं. शीर्षक: "मान: एक अडथळा".

२५ जुलै, शुक्रवार. संध्याकाळी ६.

परीक्षा उत्तीर्ण.

सविस्तर. एग्या ओटूंचं जेवण नुकतंच झालं होतं. अंगण चाळीस पावलांचं. एसाबा भिंतीला टेकून उभी, हाताची घडी. एबो माझ्या शेजारून चालणार, फक्त सोबत म्हणून.

एसाबा तबक चढवायला पुढे आली. मी नको म्हटलं. परीक्षेत दुसऱ्याचा हात लागता कामा नये. पहिल्यांदा बसलं नाही. दुसऱ्यांदा तिरकं बसलं. तिसऱ्यांदा बसलं. दरम्यान एग्या ओटूंचा डोळा लागला होता.

एकतीस पावलं उत्तम. बत्तिसाव्याला तबकानं डावीकडे किंचित प्रयाण केलं. एबोनं ते हवेत धरून परत डोक्यावर ठेवलं. बाटल्यांच्या आवाजानं एग्या ओटू जागे झाले. त्यांनी पाहिलं तेव्हा मी पलीकडच्या भिंतीशी होते, तबक डोक्यावर होतं. "झालं की!" म्हणाले. "उद्या तुम्हीच पुढे."

निष्कर्षाच्या क्षणी वस्तू योग्य जागी होती. परीक्षक एवढंच पाहतात. मीही तेवढंच पाहत असे.

एसाबानं एबोकडे पाहिलं. मग म्हणाली, "उद्या मी तुमच्या अगदी मागेच चालते हं, मॅडम."

तिला माझी चाल जवळून पाहायची असावी. पाहू दे.

२६ जुलै, शनिवार. सकाळी ६.

तयार. पांढरं-निळं कापड, पट्ट्यावर तेच. न्याहारी हलकी. मन शांत. नाडी एकशे चार.

त्याच दिवशी, दुपारी ४.

क्रमानं लिहिते.

चर्चच्या कोपऱ्यावर सगळे जमले. खऱ्या जिनच्या, खऱ्या काचेच्या बाटल्या. तबक उचलून पाहिलं. काल रात्रीपासून हातांत जोर नव्हता. एबो कापडांची पेटी गाडीतून उतरवत होता, एसाबाच्या डोक्यावर याम कंदांचं घमेलं आधीच चढलं होतं. रस्त्यानं एक शहाळीवाला चालला होता. मी त्याला हाक मारली. म्हटलं, अहो, जरा हात लावा. तो आला, लावला आणि गेला. नाव विचारायचं राहिलं. म्हणजे, विचारत नाहीत.

चारशे बारा पावलं झाली. हे ठळक नोंदवते. एकही कमी नाही. गटारावरच्या फळीवर मी श्वास घेतला नाही, पण फळी ओलांडली. मागून बायका गात होत्या. तबक होतं तिथेच होतं.

फाटक बंद होतं.

बंद असणारच. मुलीकडची माणसं लगेच दार उघडत नाहीत. आधी चेष्टा, अडवणूक, कोण तुम्ही, कशाला आलात. सामान डोक्यावर ठेवूनच ती ऐकून घ्यायची. अशा शंभर समारंभांना मी गेले आहे, पाहुण्यांच्या बाकावर बसून. तरी हा भाग माझ्या हिशेबात नव्हता. मी चालण्याचा सराव केला होता. उभं राहण्याचा केला नव्हता. चालत्या वस्तूबरोबर स्थिर वस्तूही त्याच नियमात येते, आणि मी निम्माच नियम वापरला होता.

वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. पाय थरथरायला लागले. उभं राहता राहता एसाबा मागून माझ्या शेजारी आली होती. पुटपुटली, "विसरा, मॅडम. वर काही नाहीच आहे." मी म्हटलं, पावणेपाच किलो आहे.

मुलीकडून बोलायला एक जाडजूड, सोन्याच्या कुड्या घातलेली बाई फाटकाच्या गजांतून पाहत होती. एकदम ओरडली, "अगबाई, मॅडम ॲफुल! मी कॉन्स्टन्स एसिलफी. शहाऐंशी साल, तिसरं बाक. पहिला नियम आला नाही म्हणून तुम्ही मला आठवडाभर प्रयोगशाळेबाहेर उभं केलं होतं. आज उभ्या राहा आता!"

दोन्हीकडची माणसं हसली. हसण्याला हरकत नव्हती. मला कॉन्स्टन्स आठवत होती. अतिशय कच्ची.

एसाबा म्हणाली, "अगं ए कॉन्स्टन्स, म्हातारीला किती वेळ उभं करशील? तुझा तो नियम म्हण, आणि उघड दार."

तेव्हा कॉन्स्टन्स सरळ उभी राहिली, हात मागे बांधले, आणि वर्गात म्हणतात तसं म्हणाली: "बाहेरून असंतुलित बल लागत नाही तोपर्यंत स्थिर वस्तू स्थिरच राहते, आणि गतिमान वस्तू एका सरळ रेषेत एकसमान वेगानं जात राहते."

शब्दन् शब्द बरोबर. "असंतुलित" सुद्धा. "असंतुलित" कुणालाही आठवत नाही.

तेहेतीस वर्षांत बिनचूक उत्तराला मी मान डोलावली नाही असं एकदाही झालेलं नाही. आज मान पट्ट्यात होती. हलेना. म्हणून होकार कमरेतून निघाला.

तबक गेलं.

एसाबानं डोक्यावरच्या घमेल्यासकट एक पाऊल पुढे टाकलं आणि तबकाची कड धरली. दोन बाटल्या तिच्या छातीशी अडकल्या. तिच्या घमेल्यातला एकही कंद हलला नाही. तिसरी बाटली फाटकाच्या उंबऱ्यावर फुटली.

सगळीकडे जिनचा वास. मी एबोकडे पाहिलं नाही.

आतून मुलीची आजी काठी टेकत आली. काचांकडे पाहिलं. ओल्या मातीकडे पाहिलं; पूर्वजांचा पहिला घोट आमच्यात मातीतच ओततात. मग म्हणाली, "गेलेल्या माणसांना तहान लागली होती वाटतं. आपला वाटा त्यांनी उंबऱ्यावरच घेतला. आता उघडा दार, नाहीतर उरलेलंही पितील."

फाटक उघडलं. आजीनं विचारलं, "यांतली मुलाची आई कोण?"

मी तबकाकडे पाहिलं. ते एसाबाच्या हातांत होतं, नीट, आडवं. तिनं नुसतं "मी" म्हटलं असतं तरी कुणी हरकत घेतली नसती. मीसुद्धा.

एसाबा म्हणाली, "ही काय, मानेला पट्टा बांधलेली. आत्यानं कधी काही पाडलंय का, आजी? लेकराच्या लग्नात हातपाय कापतात ते आईचेच."

आजी म्हणाली, "ते खरं. माझ्या मोठ्याच्या वेळी मी अख्खं मडकं फोडलं होतं." आणि माझा हात धरून मला पुढच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. एबो आला, माझ्या पायांशी वाकला. त्याला उठवताना मला वाकता येईना, म्हणून तो तसाच थोडा वेळ राहिला.

एसाबाचा तर्क सदोष आहे. तबक हातपाय कापल्यामुळे पडलं नाही, वाकल्यामुळे पडलं. मी तिला तसं सांगणार होते. घरी येईपर्यंत सांगितलं नाही.

सामान मोजून द्यायची वेळ आली तेव्हा एग्या ओटूंनी माझ्यापुढे कागद आणि पेन ठेवलं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही लिहा. बाकीचं बायका उचलतील." नोंदीची प्रत इथे उतरवते.

मुलाकडून मुलीकडे दिलेल्या वस्तू:

जिन, बाटल्या तीन. दोन आजींनी घेतल्या, एक उंबऱ्यानं.

बायबल एक, अंगठी एक. एग्या ओटूंच्या हस्ते.

कापडांची पेटी, आत सहा जोड. एबोच्या दोन चुलत बहिणींनी आणली.

याम कंद, नग बारा. मामे एसाबा हिच्या डोक्यावरून. सर्व शाबूत.

मीठ, पोतं एक. सरबताच्या बाटल्या, खोकी दोन.

तबक, नग एक. मुलीकडच्यांनी परत केलं नाही. ठेवून घेतो म्हणाले. कारण विचारलं नाही.

ही यादी, कागद एक. मी स्वतः उजव्या हातानं आजींच्या हातात दिली. अंतर अडीच पावलं. पडली नाही.